घराबाहेरच्या खेळातील घर : 'सुपर मारियो लँड २' या व्हिडिओ गेमच्या उत्तरभागाची समीक्षा

सारांश

निन्टेंडो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'सुपर मारियो लँड २ : सिक्स गोल्डन कॉइन्स' हा खेळ १९८९ च्या 'सुपर मारियो लँड' या खेळाचा उत्तरभाग आहे. घराबाहेर, प्रवासात व कामाच्या मधल्या फटीत खेळल्या जाणाऱ्या यंत्राला अनुरूप असा विषय या उत्तरभागाने शोधला आणि तो विषय म्हणजे घर, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. खेळाची रचना, नायकाचा आकार, जतन करण्याची सोय आणि 'वारिओ' हे प्रतिपात्र यांच्या आधारे हे प्रतिपादन तपासले आहे. खेळाच्या नैतिक मर्यादांचीही चर्चा केली आहे.

बीजशब्द : व्हिडिओ गेम, प्लॅटफॉर्म गेम, उत्तरभाग, मुरलेले तंत्र, तुटक वेळ, घर.

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कादंबरी, नाटक, कविता आणि चित्रपट यांचा विचार जितक्या आस्थेने केला, तितका व्हिडिओ गेमचा केलेला नाही. मुलांचा वेळ खाणारी वस्तू अथवा संगणकशास्त्राचा एक उपयोग, या दोन टोकांच्या मधे या प्रकाराला आपल्याकडे फारशी जागा मिळाली नाही. वस्तुतः या खेळांतही कथानक, अवकाश, लय, पात्र आणि संघर्ष ही सामग्री असते. तेथे वाचकाच्या डोळ्याबरोबर त्याचा अंगठाही कामाला लागतो, एवढाच फरक. हा फरक लहान नाही. परंतु त्यामुळे समीक्षेचे दार बंद व्हावे असेही नाही.

ज्या परिसरात बसून हा लेख लिहिला जात आहे, त्या परिसराशीही या विषयाचे नाते आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी या भागांत वाहनउद्योग आणि त्याला सुटे भाग पुरविणारे असंख्य लघुउद्योग वाढले. १९७० मध्ये येथे नगरपालिका आली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि त्यानंतर उद्योगांचा विस्तार इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकला. या पट्ट्यातील माणसाचा दिवस पाळ्यांमध्ये विभागलेला असतो. कंपनीच्या बसमध्ये, मोशी-चाकण रस्त्यावरच्या वाहनांच्या रांगेत, उपाहारगृहाच्या बाकावर त्याच्या वाट्याला जी दहा-पंधरा मिनिटे येतात, त्यांत त्याच्या हातात मोबाईल असतो आणि पुष्कळदा त्या मोबाईलवर एखादा खेळ असतो. त्याचे गाव कुठेतरी दूर असते आणि मुक्कामाची खोली बहुधा भाड्याची असते. घरापासून दूर असलेल्या माणसाच्या हातातील खेळ कशाविषयी असावा, हा प्रश्न येथे केवळ सैद्धांतिक राहत नाही.

या प्रश्नाचे एक आरंभीचे आणि विचारपूर्वक दिलेले उत्तर म्हणून 'सुपर मारियो लँड २' या खेळाकडे पाहता येते.

यंत्र आणि त्याचा कर्ता

कोणत्याही खेळाची समीक्षा तो ज्या यंत्रावर चालतो त्या यंत्राला वगळून करता येत नाही. 'गेम बॉय' हे यंत्र १९८९ मध्ये बाजारात आले. त्याचा पडदा आडवा १६० आणि उभा १४४ ठिपक्यांचा. रंग नाहीत, केवळ चार छटा. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे उजेडात धरूनच खेळावे लागे. त्याच सुमारास आलेल्या अटारी कंपनीच्या 'लिंक्स'ला आणि पुढच्या वर्षीच्या सेगा कंपनीच्या 'गेम गिअर'ला रंगीत व उजळ पडदे होते. तंत्राच्या मोजपट्टीवर गेम बॉय मागासलेलेच होते. परंतु चार साध्या सेलवर ते कितीतरी अधिक तास चालत असे, किमतीला स्वस्त होते, आणि बाजारात टिकले ते तेच.

हा निकाल योगायोगाचा नव्हता. या यंत्रामागे गुनपेई योकोइ (१९४१-१९९७) यांचा विचार होता. योकोइ १९६५ मध्ये निन्टेंडोत रुजू झाले ते खेळांचे रचनाकार म्हणून नव्हे. त्या काळी ही कंपनी मुख्यतः पत्ते तयार करीत असे, आणि पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्यांचे काम होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ते मेंटेनन्स विभागातील मनुष्य होते. फावल्या वेळात स्वतःच्या गमतीसाठी केलेला लांब होणारा यांत्रिक हात कंपनीच्या अध्यक्षांच्या दृष्टीस पडला आणि १९६६ मध्ये तो 'अल्ट्रा हँड' या नावाने खेळणे म्हणून विक्रीस आला. तेथून योकोइ यांचा मार्ग बदलला. गणकयंत्रांमुळे स्वस्त झालेल्या द्रवस्फटिक पडद्याचा उपयोग करून त्यांनी १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' ही खिशातील खेळांची मालिका आणली.

त्यांच्या कार्यपद्धतीला त्यांनी स्वतः दिलेले नाव मराठीत 'मुरलेल्या तंत्राचा आडवा विचार' असे सांगता येईल. जे तंत्र नवे राहिलेले नाही, ज्याचे गुणदोष कारागिराला पाठ झाले आहेत, ज्याची किंमत उतरली आहे, ते उचलावे आणि जेथे त्याचा उपयोग होईल असे कोणाच्या मनात आले नव्हते तेथे ते वापरावे, असा त्याचा अर्थ. लोणच्याप्रमाणे तंत्रही मुरावे लागते. शॉप फ्लोअरवर वर्षानुवर्षे जुन्या लेथवर काम करणाऱ्या कारागिराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या अभ्यासक्रमांना मात्र ती अजून पटलेली दिसत नाही. 'सुपर मारियो लँड'च्या दोन्ही भागांचे निर्माते योकोइच होते.

पूर्वभाग आणि उत्तरभाग

'प्लॅटफॉर्म गेम' म्हणजे ज्यात नायक धावत, उड्या मारत, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जात वाट काढतो असा खेळ. शिगेरू मियामोतो यांनी घडविलेला मारियो हा या प्रकाराचा सर्वांत परिचित नायक. आपल्याकडे १९९० च्या दशकात तो पुष्कळांना भेटला तो टीव्हीला जोडावयाच्या स्वस्त नकली यंत्रांमधून, 'टीव्ही गेम' या नावाने. गेम बॉय त्या मानाने मोजक्या घरांत पोचला. खिशातील खेळ म्हणून आपल्याकडे रुळला तो 'ब्रिक गेम', आणि नंतर मोबाईलवरचा साप.

'सुपर मारियो लँड' हा १९८९ चा खेळ गेम बॉयसोबतच अवतरला. त्यात एकूण १२ टप्पे होते. सारासालँड नावाच्या परक्या देशात जाऊन परग्रहावरून आलेल्या टाटांगाच्या तावडीतून राजकन्या डेझीला सोडविणे एवढे त्याचे कथानक. टीव्हीवरच्या मोठ्या खेळातील अपहरण-मुक्तीचे कथानक लहान पडद्यावर उतरविलेले, असेच त्याचे स्वरूप होते. नायकही इतका लहान की काही ठिपक्यांचा पुंजका वाटावा. तरीही जगभर त्याच्या एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या.

उत्तरभाग १९९२ मध्ये आला. हिरोजी कियोताके आणि ताकेहिको होसोकावा यांनी त्याचे दिग्दर्शन केले. संगीत काझुमी तोताका यांचे. खप एक कोटी दहा लाखांहून अधिक. कथानक पहिल्या भागाच्या शेवटाला धरूनच सुरू होते. मारियो सारासालँडच्या मोहिमेवर गेला असताना वारिओ नावाच्या मनुष्याने त्याचा वाडा बळकावला आहे. भोवतालच्या रहिवाशांवर त्याने अशी मोहिनी घातली आहे की त्यांना वारिओ आपला धनी आणि मारियो आपला वैरी वाटतो. वाड्याचे दार उघडण्यास सहा सोन्याची नाणी लागतात, आणि ती सहा प्रदेशांतील सहा बलाढ्य रक्षकांकडे आहेत.

उत्तरभाग कशाला म्हणावे याचे एक उदाहरण आपल्या परिसरातच आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघू लागलेली 'चेतक' स्कूटर २००० च्या दशकाच्या मध्यास बंद झाली. त्याच नावाने २०१९ मध्ये विजेवर चालणारी स्कूटर जाहीर झाली, आणि तिचे उत्पादन आरंभी चाकणला सुरू झाले. नाव तेच राहिले, बाह्यरेषेत ओळख राहिली, आतले सर्व बदलले. उत्तरभाग पूर्वभागाचा लौकिक वापरतो. परंतु त्या लौकिकाच्या आड तो नवा प्रश्न सोडवितो की जुनेच उत्तर पुन्हा विकतो, यावर त्याचे मूल्य ठरते. 'सुपर मारियो लँड २'ने सोडविलेला नवा प्रश्न होता : खिशातील खेळाला स्वतःचा असा विषय कोणता?

पूर्वभागाचा नायक परमुलखात जाऊन दुसऱ्याची सुटका करतो. उत्तरभागाचा नायक कामावरून परत येतो आणि त्याला स्वतःच्या घराचे दार बंद दिसते. टीव्हीवरचा खेळ घरात बसून खेळला जातो, म्हणून त्याला घराबाहेरच्या साहसाची ओढ असणे स्वाभाविक आहे. खिशातील खेळ घराबाहेर खेळला जातो. त्याची ओढ घराकडे असावी, हेही तितकेच स्वाभाविक. ही उलटापालट रचनाकारांनी जाणीवपूर्वक केली किंवा नाही, हा मुद्दा गौण आहे. खेळाच्या अंगोपांगांत ती उमटली आहे, हे पुढील दोन घटकांवरून दिसून येईल.

तुटक वेळेची रचना

पूर्वभागात खेळ जतन करून ठेवण्याची सोय नव्हती. यंत्र बंद केले की पुन्हा आरंभापासून सुरुवात. ही रचना एका बैठकीसाठी होती, आणि प्रवासी माणसाला बैठक नसते. उत्तरभागाच्या कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी बसविलेली होती; तिच्या बळावर तीन स्वतंत्र खेळाडूंची प्रगती जतन होत असे. ही सुधारणा केवळ तांत्रिक नाही. तिच्यामुळे खेळाची मांडणीच बदलली.

पूर्वभागाचे टप्पे एकापाठोपाठ एक येत. उत्तरभागात आरंभीचा टप्पा ओलांडला की खेळाडूसमोर संपूर्ण बेटाचा नकाशा उघडतो. झाडाचा प्रदेश, अंतराळाचा प्रदेश, महाकाय घराचा प्रदेश, भोपळ्याचा प्रदेश, यांत्रिक मारियोचा प्रदेश आणि कासवाचा प्रदेश, असे सहा प्रदेश हव्या त्या क्रमाने घेता येतात. केवळ वाडा शेवटी. प्रत्येक टप्पा काही मिनिटांत संपतो. एखादी अडचण सुटली नाही तर ती बाजूला ठेवून दुसरीकडे वळता येते. ज्याला दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे मिळतात, त्याच्यासाठी ही मांडणी आहे. सलग वेळ ज्याच्या हाती नाही त्याला ती निदान क्रमाचे स्वातंत्र्य देते.

तोताका यांच्या संगीतातही हेच तत्त्व आहे. खेळातील अनेक टप्प्यांची धून ही एकाच मूळ धुनेची रूपे आहेत. कोठे तिची चाल संथ होते, कोठे अवजड, कोठे भीतिदायक. तुकड्या-तुकड्यांनी खेळणाऱ्याला प्रत्येक वेळी धागा पुन्हा सापडावा, ही सोय त्यामुळे होते. भजनी मंडळात एकच चाल वेगवेगळ्या अभंगांना लावली तरी ऐकणारा हरवत नाही, तसेच हे आहे.

नायकाचा आकार आणि दृष्टीचा टप्पा

उत्तरभागातील दुसरा मोठा बदल डोळ्यांना लगेच दिसतो. मारियो मोठा झाला आहे. त्याच्या मिशा, टोपी, चालण्यातला डौल आता दिसतो. पूर्वभागातील ठिपक्यांच्या पुंजक्याला चेहरा आला आहे. परंतु पडदा तेवढाच, १६० बाय १४४. नायक मोठा झाला की जग लहान होते, हे साधे गणित येथे लागू पडते. समोरचे पूर्वीइतके दिसत नाही. वेगाने धावणारा खेळाडू समोरून येणाऱ्या शत्रूवर आदळतो. परिणामी या खेळाचा वेग त्याच्या टीव्हीवरील भावंडांपेक्षा मंद झाला आहे. गाजराने मिळणारे सशाचे कान लावून मारियो हवेतून सावकाश तरंगत खाली उतरतो, आणि अंतराळाच्या प्रदेशात चंद्राच्या क्षीण गुरुत्वामुळे त्याची उडी लांबते. ही सर्व योजना त्या मंदपणाशी जुळणारी आहे.

अनेकांना हा दोष वाटतो, आणि तो काही अंशी आहेही. दृष्टीचा टप्पा आखूड झाल्यामुळे काही उड्या अंदाजाने माराव्या लागतात. तेथे चूक खेळाडूची नसते, पडद्याची असते. तरीही या निवडीमागे एक मूल्यनिर्णय आहे. पूर्वभागाने जगाला प्राधान्य दिले आणि नायकाला चिन्ह बनविले. उत्तरभागाने नायकाला देह दिला आणि त्यासाठी जगाची रुंदी गमावली. ज्या कथेत 'माझे घर' हा विषय आहे, तेथे 'मी' ठळक असणे आवश्यक होते. यंत्राच्या मर्यादेत दोन्ही गोष्टी मिळणार नव्हत्या. एक निवडावी लागली. मर्यादा ही निवडीची अट असते, आणि निवड दिसते तेथेच रचनाकाराचा विचार दिसतो.

याच आकाराच्या खेळीचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग महाकाय घराच्या प्रदेशात झाला आहे. येथे मारियो एका अवाढव्य घरात शिरतो आणि मुंग्या त्याच्या बरोबरीच्या शत्रू ठरतात. साऱ्या खेळात खऱ्या अर्थाने नांदते वाटणारे घर हे एकच, आणि ते परक्याचे आहे. त्यात नायकाला उपद्रवी किड्याइतकीच जागा आहे. ज्याचे स्वतःचे घर हातचे गेले आहे त्याला दुसऱ्याचे घर असेच दिसत असणार. भाड्याच्या खोलीत पहिली रात्र काढलेल्या कोणालाही या प्रतिमेची ओळख पटावी.

यांत्रिक मारियोचा प्रदेश याच्या उलट टोकाला आहे. तेथे नायकाचाच एक प्रचंड यांत्रिक पुतळा उभा आहे आणि त्याच्या आत शिरून दात्यांची चक्रे, गोळे आणि खेळण्यांचे ठोकळे चुकवीत जावे लागते. स्वतःच्याच प्रतिमेच्या पोटात यंत्रे फिरत आहेत आणि त्या यंत्रांपासून स्वतःला वाचवायचे आहे, हा प्रसंग एका माजी देखभाल-तंत्रज्ञाच्या विभागातून यावा, यात नवल नाही. कारखान्याच्या पट्ट्यातील खेळाडूला तो परका वाटणार नाही.

वारिओ : घरात शिरलेला दुसरा मी

या खेळाची सर्वांत टिकाऊ निर्मिती म्हणजे वारिओ. जपानी भाषेत 'वारुई' म्हणजे वाईट. त्याला मारियोच्या नावाची जोड दिली की वारिओ. रोमन लिपीतील 'एम' उलटा केला की 'डब्ल्यू' होतो. टोपीवरच्या अक्षरापासून मिशीपर्यंत हा मनुष्य मारियोचीच विकृत छाया आहे. परकीय राक्षस, परग्रहवासी किंवा ड्रॅगनसारखा शत्रू येथे नाही. घर बळकावणारा आपल्यासारखाच दिसतो, आणि शेजारी त्यालाच मालक समजतात, यात या कथानकाचे भय आहे. जमिनीच्या व्यवहारांची सवय असलेल्या आपल्या समाजाला सात-बाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागल्याचे दुःख वेगळे समजावून द्यावयास नको.

वारिओचे आणखी एक वाचन शक्य आहे. मारियो हे पात्र मियामोतो यांचे. 'सुपर मारियो लँड' मालिका मात्र योकोइ यांच्या विभागात, मियामोतो यांच्याविना घडली. म्हणजे हा विभाग दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहून काम करीत होता. दुसऱ्याच्या घरात बसलेल्याची कथा त्याच विभागाने सांगावी, आणि त्या आगंतुकाला मूळ मालकापेक्षा अधिक रंगतदार करावे, याला केवळ योगायोग म्हणणे कठीण आहे. १९९४ मध्ये याच मालिकेचा तिसरा भाग आला तेव्हा त्याचे नाव 'वारिओ लँड' असे होते आणि नायक स्वतः वारिओ होता. भाडेकरूने अखेर पाटीवर आपले नाव लावले. त्या भागात वारिओला मारियोपेक्षा मोठा वाडा हवा आहे, आणि खेळाच्या शेवटी त्याला कोणते घर मिळेल हे त्याने किती धन जमविले यावर ठरते : अगदी कमी असेल तर पक्ष्याची पेटी, सर्वाधिक असेल तर एक अख्खा ग्रह. दुसऱ्या भागाने घराला विषय केले. तिसऱ्याने घराची किंमत सांगितली. घर या कल्पनेचे घरदुरुस्तीच्या कर्जाच्या कोष्टकात होणारे रूपांतर पाहिलेल्या कोणालाही हा क्रम अर्थपूर्ण वाटेल.

मर्यादा

या खेळाचे गुण मान्य करूनही त्याच्या तीन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा तोलाची. खेळाचा बहुतांश भाग सोपा आहे. नाणी ९९९ पर्यंत साठतात आणि ती जुगाराच्या यंत्रात लावून जादा जीव किंवा शक्ती मिळविता येतात. त्यामुळे जीव गमावण्याचे भय फारसे उरत नाही. मग अखेरचा वाडा येतो, आणि तो एकाएकी लांब, कठीण व मधल्या विसाव्याविना आहे. सर्व जीव संपले तर मिळविलेली सहाही सोन्याची नाणी पुन्हा रक्षकांकडे जातात. तुटक वेळेचा इतका विचार करणाऱ्या रचनेने शेवटी सलग बैठक मागावी, ही विसंगती आहे. त्याची भलावण करताना असे म्हणता येईल की घराचे दार सहज उघडू नये. परंतु उदार यजमानाने शेवटच्या पायरीवर पाहुण्याला उंबऱ्याबाहेर ढकलावे तसा हा अनुभव आहे.

दुसरी मर्यादा नैतिक, आणि ती अधिक गंभीर. कथानकाप्रमाणे वाटेत भेटणारे पुष्कळसे शत्रू हे मोहिनी घातलेले शेजारी आहेत. खेळ मात्र त्यांना मोजतो. पडद्यावर मारलेल्यांची संख्या चढत जाते आणि १०० झाली की बक्षीस म्हणून तारा मिळतो, ज्यायोगे काही काळ मारियोला काहीच बाधत नाही. ज्यांना मोहिनीतून सोडवावयाचे, त्यांचीच गणती करून बक्षीस द्यावयाचे, या विरोधाभासाची जाणीव खेळाला नाही. शेजाऱ्याशी बोलण्याची, त्याला जागे करण्याची एकही संधी खेळाडूला मिळत नाही. गाव परत मिळत नाही; वाडा तेवढा मिळतो.

तिसरी मर्यादा याच विधानातून निघते. शेवटी वारिओ पळतो आणि वाडा पुन्हा मारियोचा होतो. परंतु त्या वाड्यात कोण राहते, तेथे चूल पेटते का, वाट पाहणारे कोणी आहे का, याविषयी खेळ मूक आहे. येथे घर म्हणजे मालकी. ज्या विषयाला या उत्तरभागाने हात घातला त्याचा हा अर्धाच भाग. घराबाहेर असलेल्याला घराची आठवण येते ती भिंतींमुळे नव्हे, माणसांमुळे. पूर्वभागाच्या ढोबळ कथानकात निदान सोडवावयाचे दुसरे माणूस तरी होते. उत्तरभागाने विषय जवळचा निवडला, पण माणूस गमावले.

पुढील वाट

ही त्रुटी भरून काढण्याचा प्रयत्न करणारी एक कृती आपल्या शेजारच्या शहरात घडली, म्हणून तिचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने घडविलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेंडोच्या 'स्विच' या, हातातही धरता येणाऱ्या यंत्रावर प्रसिद्ध झाला. तो काटेकोरपणे प्लॅटफॉर्म गेम नाही आणि उत्तरभागही नाही. परंतु भिंतींवर चढणे, कडे ओलांडणे, उड्या मारणे हा त्याच्या अनुभवाचा मोठा भाग आहे. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा, गोलूचा, राजी शोध घेते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा उलगडते. झुंजीतील तोकडेपणा आणि आटोपता शेवट हे त्याचे दोष सांगितले गेले, आणि ते खरे आहेत. तरीही त्यातील शोध वास्तूचा नसून माणसाचा आहे. हातातील खेळाने घराबाहेरच्या माणसाला द्यावयाचे अर्धे उत्तर मारियोच्या उत्तरभागात आहे. उरलेल्या अर्ध्याची दिशा 'राजी'मध्ये दिसते.

या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विचार उपयोगी ठरावा. आपले विद्यार्थी नवीनतम साधने हाती आल्याविना निर्मिती शक्य नाही, अशा समजुतीत वाढतात, आणि ती समजूत आपणच रुजविलेली असते. 'सुपर मारियो लँड २' चार छटांच्या पडद्यावर, त्या काळीही मागासलेल्या समजल्या गेलेल्या यंत्रावर घडला. २०११ मध्ये निन्टेंडो ३डीएसवर आणि २०२३ मध्ये स्विचच्या सदस्यसेवेत तो पुन्हा उपलब्ध झाला. ज्या रंगीत, उजळ यंत्रांनी गेम बॉयला मागे टाकले होते, ती कधीच निवृत्त झाली आहेत.

समारोप

'सुपर मारियो लँड २'चे महत्त्व तो अधिक मोठा किंवा अधिक सुबक उत्तरभाग आहे, यात नाही. त्याने आपले यंत्र कोणाच्या हातात, कोठे आणि किती वेळ असणार, याचा विचार केला. जतन करण्याची सोय, मोकळा नकाशा, छोटे टप्पे, पुन्हा पुन्हा भेटणारी धून आणि ठळक झालेला नायक ही त्या विचाराची फळे आहेत. त्यातूनच घराबाहेरच्या खेळाला घर हा विषय सापडला. तो विषय त्याला पूर्णपणे पेलला नाही. घराला त्याने मालमत्ता मानले आणि शेजाऱ्यांना आकड्यांत मोजले. परंतु कृतीचे अपुरेपण नेमके कोठे आहे हे ज्या कृतीच्याच प्रकाशात दिसते, तिला समीक्षेने दुर्लक्षू नये.

रात्रपाळी संपवून चाकणहून परतणाऱ्या बसमध्ये आज कोणी ना कोणी मोबाईलवर उड्या मारीत असतो. त्याच्या हातातील खेळात त्याच्यासाठी कोणते घर मांडले आहे, हे पाहण्याचे काम आता साहित्याच्या, समाजशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या अध्यापकांनी मिळून करावयाचे आहे.